स्नायूचा तुकडा काढला की पोरगं लुळं पडतं?

मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, याच्या निदानासाठी करतात त्या स्नायूच्या बायोप्सीबद्दल (तुकडा काढून तपासणं) कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मतलब असा: मांडीतला मांसाचा तुकडा काढला की पोरगं कायमचं लुळं पडतं, घरात कुणालाच नसलेला आजार आनुवंशिक कसा असेल, रक्तातच सगळं कळत असताना बायोप्सी कशाला, आणि औषधच नाही तर तपासणी म्हणजे नुसता धंदा.

आधी लुळेपणाचं. मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूवर छोटी चीर देऊन वाटाण्याएवढा तुकडा घेतात. टाके पडतात, काही दिवस दुखतं, क्वचित जखम चिघळते. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या प्रकारात उपचार नसतील तर बहुतेक मुलांचं चालणं बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं, बायोप्सी करा वा करू नका. लोकांच्या लक्षात मात्र टाके राहतात. जपायचं आहे ते भुलेला: सक्सिनिलकोलीन हे औषध या मुलांना घातक ठरू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञाला संशयित आजार आधीच सांगायचा.

‘घरात कुणाला नाही’ हा दावा तर सपशेल चूक. ड्यूशेनचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. आई धडधाकट असूनही वाहक (बिघडलेला जनुक पुढं देणारी) असू शकते, आणि साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्यानेच घडलेला असतो. शोधायचंच तर आईचे भाऊ, मावसभाऊ बघा. बापाच्या घराण्यात हुडकून काही मिळणार नाही. कंबर-खांद्याच्या स्नायूंची डिस्ट्रॉफी हा दुसरा प्रकार, त्यात बहुतेकदा दोन्ही पालक निरोगी वाहक असतात. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्नं लागतात, तिथं हा धोका वाढतो.

(तालमींचं गाव आपलं. पोराच्या पोटऱ्या टरारल्या की आजोबा खूश, ‘पैलवान होणार!’ पण तेच पोरगं गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत उठत असेल, तर त्या पोटरीत ताकद नाही, चरबी आणि तंतू भरलेत.)

रक्ताचा दावा मात्र अर्धा खरा आहे. ड्यूशेनचा संशय असेल तर आधी सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्तचाचणी), मग रक्तातूनच जनुक तपासणी हाच आजचा रस्ता. एमएलपीए या चाचणीत जनुकातले गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे सापडतात, बहुतेक मुलांचं निदान तिथंच होतं. उरलेल्यांचं सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाचं अक्षर न् अक्षर वाचन, करतात. त्यामुळं जनुक तपासणीचं नावही न काढता कुणी थेट बायोप्सी सुचवली, तर ‘का?’ हे विचारायलाच हवं. पण जनुकाचा रिपोर्ट कोरा आला, किंवा ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघाला, की स्नायूच बघावा लागतो. डिस्ट्रोफिन (ड्यूशेनमध्ये नसणारं स्नायूचं प्रथिन) मुळीच नाही की थोडं आहे, सारकोग्लायकन हे दुसरं स्नायू-प्रथिन आहे का, हे स्नायूच्या रंगवलेल्या पातळ कापात दिसतं.

राहिला औषधाचा मुद्दा. ड्यूशेनमध्ये स्टेरॉइडनं चालणं काही काळ लांबतं. शिवाय डिस्ट्रॉफीसारखा दिसणारा कमकुवतपणा कधीकधी स्नायूदाहाचा निघतो, आणि तो औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. उलट डिसफर्लिन या स्नायू-प्रथिनाच्या दोषानं डिस्ट्रॉफी झालेल्या रुग्णाला दाह समजून वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिल्याची उदाहरणं आहेत. बायोप्सीतही दाहाच्या पेशी दिसून फसगत होते, म्हणून प्रथिनाचं रंजन (ते आहे का हे दाखवणारा रंग कापाला देणं) लागतं.

नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर तो कसा नेणार, हे आधीच विचारा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला तर एन्झाइमच्या चाचण्या होत नाहीत. तो ताजा पोचवून गोठवावा लागतो.