नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, पण प्रोसेसरचे काय?
नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे म्हटले की जुना प्रोसेसर त्याला पुरेल का, हा प्रश्न येतोच आणि उत्तरादाखल दर वेळी कुठल्या तरी कॅल्क्युलेटरने काढलेली ‘बॉटलनेक’ची, म्हणजे एक भाग दुसऱ्याला किती अडवतो याची, एकच टक्केवारी पुढे केली जाते, याची मला मनापासून चीड येते. असा ठरलेला आकडा नसतोच. तोच संगणक १०८०पी रिझोल्यूशनवर प्रोसेसरपाशी अडू शकतो आणि ४केवर, जिथे प्रत्येक फ्रेममध्ये चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, तिथे बहुतेक भार कार्डावर जातो. फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या संख्येवर, मर्यादा नसताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर प्रोसेसर बदलून सरासरी फ्रेमरेट फारसा वाढणार नाही. कार्डाचा वापर ७० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असेल, तर अडथळा बहुधा प्रोसेसरचाच. हे तपासायला एक पैसाही लागत नाही, तरी आधी तपासा असे कुणी सांगत नाही! ‘प्रोसेसरही बदलून टाका’ हे मात्र सहज सांगितले जाते. एएमडीचे प्रोसेसर ज्यात बसतात ते जुने एएम४ सॉकेट सोडून नव्या एएम५वर जायचे तर मदरबोर्ड नवा आणि रॅमही डीडीआर५ प्रकारचीच घ्यावी लागते, हा खर्च सल्ल्यात कुठेच नसतो. आणि बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास बहुतेक जुन्या एएम४ बोर्डांवर २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर चालतो, हेही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.