भाऊ घरी आला नाही, हे पॉलिटिक्स?

झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

काल रात्री एका स्ट्रीमवर होते, एक स्ट्रीमर ऑनलाइन गेम लाइव्ह खेळून दाखवत होता. आमच्या गिल्डमधला, म्हणजे गेममधल्या टीममधला, एक पोरगा, तीन वर्षं सोबत रेड (टीमने मिळून लढायची मोठी लढाई) खेळतोय, त्याने चॅटमध्ये लिहिलं, 'आज मोर्चावर अश्रुधूर सोडला. दादा अजून घरी आला नाही.' एवढंच. चॅट सांभाळणाऱ्या मॉडने मेसेज उडवला, पोराला दहा मिनिटांचा टाइमआउट दिला, म्हणजे तेवढा वेळ लिहायला बंदी, आणि वर पिन केलं, 'नो पॉलिटिक्स प्लीज.'

त्याआधी तासभर त्याच चॅटमध्ये एका मुलीच्या आवाजावरून जे चाललं होतं, ते इथे लिहिताही येणार नाही. ते एकानेही उडवलं नाही. ते म्हणे ट्रॅश टॉक, खेळातली चिडवाचिडवी!

ऐन बॉस फाइटमध्ये कुणी पक्षाचा प्रचार लावला तर मीही म्यूट करते, ठीक आहे. पण दादा घरी आला नाही, हा कुठल्या पक्षाचा प्रचार?

अमेरिकेच्या लष्कराने 2002 मध्ये भरतीसाठी 'अमेरिकाज आर्मी' हा गेम फुकट वाटला. ते चालतं. जोसेफ डिलॅप हा कलाकार 2006 पासून त्याच गेममध्ये शिरून, एकही गोळी न झाडता, इराकमध्ये मेलेल्या सैनिकांची नावं चॅटमध्ये टाइप करत राहिला, तर त्याला सर्व्हरवरून हाकलायचे. नुसती नावं हो! 2019 मध्ये हाँगकाँगच्या ब्लिट्झचंग या खेळाडूने हार्थस्टोन या पत्त्यांच्या ऑनलाइन गेमचा सामना जिंकल्यावर गॅस मास्क लावून लाइव्ह मुलाखतीत हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. तो गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने वर्षाची बंदी घातली, बक्षीस काढून घेतलं, मुलाखत घेणाऱ्या दोघांनाही घरी बसवलं. जगभरातले खेळाडू भडकले, तेव्हा कुठे बक्षीस परत आलं आणि बंदी सहा महिन्यांवर आली.

तसा मास्क तिथले आंदोलक अश्रुधुरापासून वाचायला लावायचे. काल रात्रीपासून तेच डोक्यात फिरतंय.

स्ट्रीमर पोरगाही लहानच आहे, विशीतला. चॅनल गेलं, स्पॉन्सर गेला तर खाणार काय, ही भीती मला कळते. त्याच्यावर आता तेवढा राग नाही. पण 'सांभाळ रे' म्हणायला काय लागतं? आणि म्हटलं तर मीही नाही म्हटलं. मेसेज उडाला तेव्हा मीही गप्प बसून पुढची फाइट बघत राहिले. ते जास्त टोचतंय.

टाइमआउट संपून गेला, तो परत आलाच नाही. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मेसेज टाकून ठेवलाय. त्याच्या नावापुढे ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका दिसला की आधी दादाचं विचारणार. आजची रेड तोवर राहू दे.