झूम करू देऊ नका, लाडावतील

वेबसाइट बनवताय? मग पहिला नियम: वाचणाऱ्याला झूम करू द्यायचं नाही. व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये, म्हणजे पान फोनवर किती मोठं दिसावं हे ब्राउझरला सांगणाऱ्या कोडच्या ओळीत, 'युजर-स्केलेबल नो' आणि 'मॅक्झिमम-स्केल १' लिहिलं की काम फत्ते. परवा वीजबिल भरायच्या एका पानावर हा प्रयोग झकास जमलेला पाहिला. शेवटची तारीख बारीक, फिकट राखाडी, तीही पांढऱ्यावर. लोकलमध्ये कडी सोडून दोन बोटं कितीही ताणा, पान ढिम्म.

अक्षराचं माप पिक्सेलमध्येच ठोका. रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षराच्या पटीत, दिलंत, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये कुणी १६ चे २० केले की त्याचं ऐकावं लागेल.

मथळे नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये, म्हणजे खिडकीच्या रुंदीच्या टक्क्यांत, द्या. कंट्रोल-प्लस दाबून बोट दुखेल, मथळा तसूभर वाढणार नाही.

मराठी मजकुराच्या चौकटीला पक्की उंची द्या, वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर येईल ते लपवा. अक्षर जरा मोठं झालं की वरचा रफार आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात आणि 'विभाग निवडा'च्या यादीत कुर्ल्याची 'कला' होते. लेटर-स्पेसिंगही, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवा, शिरोरेषेचे तुकडे पडतात. छान दिसतं म्हणे.

हेडर वरती चिकटवा, तळाशी कुकीची पट्टी, कोपऱ्यात चॅटचा गोळा. मोठ्या झूमवर मधे मजकुराची एखादी ओळ उरते. पुरे की!

आणि झूम बंद कशासाठी, तर आयफोनवर १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षराच्या रकान्यात बोट ठेवलं की सफारी आपोआप झूम करते आणि साहेबांचा लेआउट हलतो. रकान्याचं अक्षर १६ करा, विषय संपला. सीएसएसची, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडची, एक ओळ! पण नाही, अख्ख्या पानालाच कुलूप. त्यात आयओएस १० पासून, म्हणजे २०१६ पासून, सफारी ही बंदी जुमानतच नाही. आयफोनवाला चिमटीने खुशाल झूम करतो, मार खातो अँड्रॉइडवाला. क्रोममध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली ही बंदी मोडायची सोय आहे, पण चाळिशी घरी विसरलेल्या माणसाने तिथवर पोचायचं कसं?

आता सरळच बोलतो. मजकूर आणि सोय न गमावता अक्षर २०० टक्के वाढलं पाहिजे, हे डब्ल्यूसीएजी, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा साइटची नियमावली, २००८ पासून सांगतेय. २०१८ मध्ये त्यात भर पडली: ३२० पिक्सेल रुंदीत आडवं सरकवायला लागता कामा नये. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा. यात न कळण्यासारखं काय आहे? पैसे घेऊन काम करता ना? मग साइट हातात देण्याआधी क्रोमची खिडकी १२८० रुंद ठेवा आणि कंट्रोल-प्लस दाबा. पाच वेळा दाबलं की २०० टक्के, आणखी तीनदा दाबलं की ४००, म्हणजे तीच ३२० ची रुंदी. त्या मापावर बिल भरून दाखवा. 'पुढे'चं बटण पट्टीखाली गेलं, तर चूक ग्राहकाच्या डोळ्यांची नाही, तुमची आहे. आणि टॅगमधली ती दोन कलमं आजच्या आज काढा.