एक्सपायरीवाला मेसेज परत आलाय, आता लिहितोच

आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग सासरच्या ग्रुपवर, आणि काल तर एका रोजच्या गिऱ्हाइकाने काउंटरवर मोबाईल पुढे करून तोच मेसेज दाखवला. म्हणे एक्सपायरी डेट ही कंपन्यांची लूट आहे, अमेरिकन लष्कराने जुनी औषधं तपासली ती चांगली निघाली, तेव्हा तारीख सोडा, रंग-वास-चव ठीक असेल तर बिनधास्त घ्या, इन्सुलिनचा फ्रीज नुसता देखावा, आणि बिल घेण्यापेक्षा डिस्काउंट मागा. मी स्वतः मेडिकल चालवतो, म्हणजे मी बोलणारच असं म्हणाल, म्हणा.

लष्कराचं खरंय. 122 औषधांचे 3000च्या वर लॉट (लॉट म्हणजे बॅच, एका वेळी बनवलेला माल) तपासले आणि 88 टक्के लॉटची मुदत वर्षभर तरी वाढवता आली. पण तो माल न फोडलेल्या मूळ पॅकिंगमधला, नीट तापमानात ठेवलेला, आणि लॅबमध्ये तपासून मगच मुदत वाढवलेला, तरीही एकाच औषधाच्या दोन लॉटमध्ये फरक निघाला. तुमची अर्धी स्ट्रिप मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत पडलेली, तिचा त्याच्याशी काय संबंध? (आणि हो, स्ट्रिपवर ‘जून’ असेल तर 30 जूनपर्यंत चालते, 1 तारखेलाच भांडायला येऊ नका.) शिवाय ती तारीख सीलबंद पॅकची असते, डोळ्याचे ड्रॉप्स फोडले की साधारण महिनाभर, पाणी घालून बनवलेलं अँटिबायोटिकचं सिरप बहुतेक वेळा 7 दिवस, मग बाटलीवर पुढच्या वर्षाची तारीख का असेना.

चवीवरून ओळखा म्हणणाऱ्याचा मला खरा राग येतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुलं कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या सिरपने गेली, वीसच्या वर, किडन्या बंद पडल्या, त्यातली बरीच उपचाराला आपल्या नागपुरात आणलेली. एसआर-13 ही बॅच, तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं 48.6 टक्के, चालतं जास्तीत जास्त 0.1. हे रसायन चवीला गोड असतं, सिरपमध्ये कोणाच्या जिभेला कळणार? मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये 1986 साली 14 रुग्ण गेले ते पण ह्याच विषाने, भेसळीच्या ग्लिसरीनमधून. आणि त्या एसआर-13 वर एक्सपायरी होती एप्रिल 2027, म्हणजे तारीखसुद्धा पुरत नाही, बॅच नंबर लागतो.

तो बॅच नंबर असतो बिलावर. एफडीएने (आपल्या राज्याचं अन्न व औषध प्रशासन) ती बॅच वापरू नका, विकू नका म्हणून सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे आलीच नव्हती हे मी पाच मिनिटांत सांगू शकलो, कारण स्टॉकिस्टची, म्हणजे मला माल देणाऱ्या ठोक विक्रेत्याची, बिलं कॉम्प्युटरमध्ये आहेत. तुम्ही वीस रुपये वाचवून बिल नाही घेतलं तर घरातली बाटली कुठून आली हे कोण सांगणार? सुट्ट्या गोळ्या देतानाही तारीख-बॅच असलेला भाग शेवटपर्यंत ठेवून दुसऱ्या टोकाने कापायचं असतं, कोणी उलटं कापत असेल तर टोका सरळ.

फ्रीजचं थोडक्यात. न वापरलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत. एका आजींनी “जास्त थंड चांगलं” म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं, गोठलं, वितळल्यावर दिसायला अगदी पहिल्यासारखं, पण ते टाकूनच द्यावं लागतं. देखावा असता तर लाइट गेल्यावर मी इन्व्हर्टरचा खर्च कशाला केला असता.

मेसेजची शेवटची ओळ मात्र, ‘बऱ्याच मेडिकलमध्ये फार्मासिस्ट नसतोच’, ह्यावर मी भांडणार नाही. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा, असं चालतं, आमच्याच धंद्यातले लोक सर्टिफिकेट भाड्याने देतात. कायद्याने चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं आहे. तेव्हा “फार्मासिस्ट कोण आहेत?” असं विचारा की, माझ्या दुकानात पण विचारा, मला राग येत नाही.