खुलासा: शीर्षासनाने काचबिंदू बरा होत नाही

‘रोज पाच मिनिटं शीर्षासन करा, चष्मा सुटेल, काचबिंदूही बरा होईल’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि काचबिंदूच्या रुग्णासाठी घातकही. काचबिंदू म्हणजे डोळ्याच्या नसेला इजा होऊन नजर जाण्याचा आजार; डोळ्यातला वाढलेला दाब हे त्याचं मोठं कारण. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. शीर्षासनात तो जवळपास दुप्पट होतो. अधोमुख श्वानासन, हलासन यांतही वाढतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून हे इतकं कळकळीने लिहितो आहे. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या आणि नेत्रगोलाच्या घडणीमुळे येतो, ती आसनांनी बदलत नाही.

योग सोडू नका. जुनाट कंबरदुखी, ताण यांत त्याचा उपयोग होतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा, डोळ्यात घालायचे औषधाचे थेंब चालूच ठेवा.