लाटा नसलेला पट्टा सुरक्षित नसतो

काशीद-हरिहरेश्वरला निघालेल्या पुणेकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘लाटा फुटत नाहीत तिथेच मुलांना उतरवा.’ कृपया हे पाळू नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसतो, कारण किनाऱ्यावर चढलेलं पाणी बहुधा तिथूनच आत परततं. ही ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग घेऊ शकते. टिळक तलावात रोज पोहणाराही तिच्यापुढे टिकत नाही. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. ओहोटीत धोका आणखी वाढतो. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, हे आपण तरी विसरता कामा नये. उतरण्याआधी स्थानिक कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना विचारा. ते नको म्हणाले तर वाळूतच थांबा.