ब्लड ग्रुप तरी विचारा रे!

आज दुपारी टीव्हीवर हिंदी डबिंगमधला 'टर्मिनेटर सॅल्व्हेशन' लागला होता. मी मेथी निवडत बसले होते, अर्धं लक्ष तिकडे. सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, एंडिंग काय भारी आहे ना? इमोशनल एकदम." पोराला काय बोलणार! पण तेव्हापासून डोकं फिरलंय ते फिरलंयच. सिनेमा २००९चा आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कुणी माझ्या नावाने खडे फोडू नका.

तर हा शेवट. जॉन कॉनर, म्हणजे यंत्रांशी लढणाऱ्या माणसांचा म्होरक्या, म्हणजे क्रिश्चन बेल. त्याच्या छातीत यंत्राने सळई खुपसलेली. मग मार्कस नावाचा अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला भला गडी म्हणतो, माझं हृदय घ्या. वाळवंटात एक तंबू, आजूबाजूला धूळ, हेलिकॉप्टरं, आणि तिथे हृदय प्रत्यारोपण! पुढच्या दृश्यात साहेब हेलिकॉप्टरमध्ये बसून मानवजातीला संदेश देतायत.

हा सिनेमा मी तेव्हा थिएटरात पाहिला होता, आत्याबरोबर. आत्या मिरजेत ओटी सिस्टर होती, सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. तिला टर्मिनेटर आवडायचा, कारण 'तो बोलत नाही, काम करतो'. तो तंबू आला आणि सगळं थिएटर गप्प झालं. त्या शांततेत आत्या मोठ्याने म्हणाली, "अरे मेल्यांनो, ब्लड ग्रुप तरी विचारा रे!"

मागची अख्खी रांग हसली. हिरो मरणाच्या दारात, त्याची बायको रडतेय आणि आम्ही पोट धरून हसतोय. ही माझ्या लाडक्या मालिकेची दशा.

बरं, हृदय तरी कसलं? दहा मिनिटांपूर्वी टी-८०० नावाच्या मारेकरी यंत्राने ठोसा मारून तेच बंद पाडलेलं. मग कॉनरने विजेच्या तारा लावून ते परत चालू केलेलं. इतक्या मार खाल्लेल्या हृदयाचं दान! आणि डॉक्टर कोण? केट. जी आधीच्या भागात, २००३ साली, जनावरांची डॉक्टर होती. आत्याला मी हे बाहेर रसवंतीवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग तरी म्हटलं, हात कुठे धुतले नाहीत ते." तिथेच तिने सांगितलं की मुंबईत केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी १९६८ सालीच हृदय बदलायचा प्रयत्न केला होता. बर्नार्डने दक्षिण आफ्रिकेत पहिलं केलं त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. पेशंट काही तासांत गेला. आपल्याकडे यश यायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये. मधली इतकी वर्षं मोठमोठे लोक अडून बसले होते ते शरीर परकं हृदय स्वीकारत नाही म्हणून. आणि इथे ऑपरेशनभर हृदयाचं काम सांभाळणारा पंप नाही, दोघांचं रक्त जुळतं का बघणारी क्रॉसमॅच नाही, थेट टाके!

हो, मला ठाऊक आहे, ज्या सिनेमात माणूस काळात मागे जातो तिथे ब्लड ग्रुप कसला विचारता. मान्य. पण भविष्यातून आलेल्या यंत्राला स्वतःचे नियम होते आणि ते पाळले जायचे. म्हणून तर 'टी-२'च्या, म्हणजे टर्मिनेटरच्या दुसऱ्या भागाच्या, शेवटी तो वितळलेल्या लोखंडात उतरतो तेव्हा आपण सगळे रडलो. त्याला स्वतःला संपवता येत नाही, हा नियम होता. बटण साराला, जॉनच्या आईला, दाबावं लागलं. नियम होता म्हणून रडू आलं!

आता खरा राग. हा शेवट मुळातला नाहीच. मुळात कॉनर मरणार होता. मग त्याचे लोक त्याची कातडी, त्याचा चेहरा मार्कसच्या यंत्रावर चढवणार आणि जगाला सांगणार की कॉनर जिवंत आहे. विचार करा जरा. ज्या माणसाच्या नावावर सगळी लढाई चाललीय, तो आतून यंत्र, आणि हे फक्त चारपाच जणांना माहीत! अंगावर काटा येतो की नाही? दिग्दर्शक मॅकजीने तर नंतर आणखी काळी आवृत्ती सांगितली होती. त्यात त्या नव्या कॉनरचे डोळे लाल होतात आणि तो सगळ्यांना गोळ्या घालतो. ते जरा अतीच. पण पहिला विचार सोन्यासारखा होता.

तो इंटरनेटवर फुटला. लोकांनी बोंब मारली. आणि वीस कोटी डॉलरच्या घरातला सिनेमा करणारी माणसं घाबरली. झालं, हिरो वाचवा, कसाही वाचवा, हृदय कुणाचंही काढा.

शेवट बदलणं पाप नाही हो. 'टी-२'चाही बदलला होता. म्हातारी सारा बागेत बसलीय, जॉन मोठा झालाय, सगळं आलबेल, असं चित्रित करून जेम्स कॅमेरॉनने काढून टाकलं आणि रात्रीचा रस्ता ठेवला. त्याने गोड शेवट काढला, यांनी गोड शेवट घातला. इतकाच फरक, पण केवढा!

एक गोष्ट कबूल करते. सुरुवातीला फाशीच्या कोठडीत मार्कस आपलं शरीर कंपनीला लिहून देतो, एका चुंबनाच्या बदल्यात. शेवटी तो स्वतःहून, काही न मागता देतो. हे जुळलंय. बसलं असतं, जर आधी स्कायनेटने, म्हणजे यंत्रांच्या मेंदूने, काइल रीस हाती लागूनही त्याला जिवंत ठेवायचा मूर्खपणा केला नसता. पुढे काळात मागे जाऊन कॉनरचा बाप होणारा पोरगा पिंजऱ्यात आहे आणि यंत्रं त्याला आमिष म्हणून सांभाळतायत! आत्या त्यावरही बोलली होती, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या काइलचं काम करणारा अँटन येल्चिन मात्र गुणी पोरगा. २०१६ साली गेला, सत्तावीस वर्षांचा. आज दुपारीही त्याच्यापुरती मी मेथी खाली ठेवून पाहत होते. आणि सिनेमा स्टॅन विन्स्टनला अर्पण केलाय, ज्याने हा लोखंडी सांगाडा आपल्या स्वप्नात घुसवला. त्या दोघांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण बाकीच्यांनो, घाबरून मिळवलंत काय? तीन भागांचा बेत होता, त्यातला पुढचा एकही निघाला नाही. निर्मिती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. मग २०१५च्या भागात कॉनरला यंत्र बनवलं, आणि ते ट्रेलरमध्येच सांगून टाकलं. २०१९च्या भागात त्याला पहिल्या काही मिनिटांतच मारला, तोही लहान पोर असताना. म्हणजे जे २००९मध्ये एकत्र आणि अर्थासकट करता आलं असतं, ते दहा वर्षांत दोन तुकड्यांत, कारणाशिवाय केलं.

भाच्याला उद्या 'टी-२' दाखवणार आहे. इंग्रजीत, जाहिराती नसलेला. तुमच्यापैकी कुणाकडे मराठी सबटायटल्सवाला असेल तर इनबॉक्स करा. आणि 'अगं, सिनेमा आहे, एवढं काय' असं लिहायला जे खाली येतील, त्यांना मी आत्याचा नंबर देईन.